एकादशीपर्यंत सीझन बंद

सिंगापूर
रविवार, १८ ऑक्टोबर २०२६

प्रिय पद्माकर मामा,
सा. न.

काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. आज दुपारी यिशुनला अपूर्वाकडे गेले होते. अपूर्वा आणि बाळ, दोघी ठीक. जाई आता अंघोळ घालताना रडत नाही.

२. तुमच्या जावयाने, प्रणवने, हॉकर सेंटरमधून चिकन राइस आणला होता. लेकीच्या बाळंतपणासाठी आलेल्या उल्का मामींनी त्याला तो दाराबाहेर, कॉरिडॉरमध्ये उभं राहून खायला लावला.

३. हे कधीपर्यंत चालणार, असं मी विचारलं. मामींनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटून कार्तिकी एकादशी दाखवली. शुक्रवार, २० नोव्हेंबर.

४. त्या म्हणाल्या, "तुझे मामाही चातुर्मास पाळतायत. आषाढीला देवासमोर उभे राहून हो म्हणालेत."

५. तिकडे अमेरिकेत तुमच्या राज्याच्या वेबसाइटवर बंदुकीने हरण मारण्याचा सीझन शुक्रवार १३ ते रविवार २२ नोव्हेंबर असा दिला आहे.

६. शिकारीचा परवाना मिळाल्याचं आणि शेजारच्या अर्लबरोबर १४ तारखेला जाणार असल्याचं तुम्ही मला सप्टेंबरात कळवलं होतं. मामींना सांगू नये, असंही लिहिलं होतं.

७. मी सांगितलेलं नाही.

१४ तारीख २० च्या आधी येते. हे तुमच्या लक्षात आलं आहे का, एवढंच विचारायचं होतं. तुमचं व्हॉट्सअॅप मामींच्या टॅबलेटवरही उघडतं म्हणून ईमेल करते आहे.

अनघा

•

१९ ऑक्टोबर २०२६

चि. अनघा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता हातातला चहा गार झाला. नाही आलं गं लक्षात!

सिंगापुरात असताना जुरोंग आयलंडवर अकरा वर्षं मी प्लांट बंद करायची आणि पुन्हा चालू करायची वेळापत्रकं केली. एक तारीख चुकली नाही. आणि इथे घरातल्या घरात आपटलो. आषाढीला उल्काने विचारलं तेव्हा मी मनात हिशोब केला तो गेल्या वर्षीचा. गेल्या वर्षी कार्तिकी २ नोव्हेंबरला होती. म्हटलं, एकादशी पहिल्या आठवड्यात, सीझन दुसऱ्या आठवड्यात, मध्ये भरपूर जागा. बिनधास्त हो म्हणालो. पण यंदा अधिक ज्येष्ठ होता! सगळे सण पुढे गेले. बरं, अधिक महिना विसरलो म्हणावं तर जावयाचे तेहेतीस अनारसे मीच डब्यात भरून पोस्टात टाकून आलो होतो. म्हणजे महिना अधिक आहे हे माहीत, फक्त तो कार्तिकीलाही ढकलतो हे डोक्यात नाही.

आता अडचण काय ते सांगतो. आपल्या घरामागचं जे रान आहे, तिथे अर्ल माझ्या परवानगीने वीस वर्षं शिकार करतो. दर वर्षी मांसाचा वाटा आणून देतो. उल्का रस्सा करते आणि अर्ल नाक पुसत पुसत तीनदा वाढून घेतो. आता तो एक्याऐंशीचा आहे. हात थरथरतात. उन्हाळ्यात अंगणात येऊन बसला आणि म्हणाला, "पॅडी, थरथरत्या हाताने बंदूक धरू नये. मी यंदा धरणार नाही. तू धर. मी शेजारी बसतो." म्हणून या वयात मी शिकारीच्या परवान्याचा कोर्स केला. वर्गात माझ्या आजूबाजूला सगळी शाळकरी पोरं. परीक्षेत मी दुसरा आलो, पहिली एक वेण्या घातलेली मुलगी.

१५ तारखेला अर्लची मुलगी त्याला न्यायला येते. कायमचं. दुसऱ्या राज्यात. त्याला या रानात एक शेवटचा सीझन बघायचा आहे, आणि त्याने त्यासाठी मला निवडलंय. मी त्याला शब्द दिलाय, बायकोलाही दिलाय.

तू गणितात हुशार. पंचांगात काही फट सापडते का बघ. सिंगापूर आमच्या तेरा तास पुढे आहे. उल्काची एकादशी आधी सुटत असेल ना?

मामा

ता. क. पाठदुखीमुळे विमानप्रवास जमत नाही असं मी उल्काला सांगितलंय. तेवढं सांभाळ.

•

सिंगापूर
शुक्रवार, २३ ऑक्टोबर २०२६

प्रिय मामा,

तुमच्या राज्याची नियमपुस्तिका पूर्ण वाचली. पंचांगाबद्दल मामींना आणि माझ्या आईला विचारलं, कारण न सांगता.

फट नाही. सिंगापूर तुमच्यापुढे आत्ता बारा तास आहे. नोव्हेंबर लागला की तेरा तास होईल. त्याने काही बदलत नाही. व्रत जिथे राहतो तिथल्या सूर्योदयाने धरायचं असतं. तुमची पुस्तिकाही तेच म्हणते: गोळी झाडण्याची वेळ स्थानिक सूर्योदयावरून मोजायची. दोन्हीकडचे नियम इतके सारखे असतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांच्याकडे नराचा टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला बांधायची परवान्याची चिठ्ठी, वेगळा, मादीचा वेगळा, धनुष्याचा सीझन वेगळा, बंदुकीचा वेगळा. आपल्याकडे सोमवार, गुरुवार, संकष्टी, श्रावण आणि यंदा पूर्ण चातुर्मास. आपलं जास्त किचकट आहे, आणि ते कुठे छापलेलंही नाही.

इथे हा प्रश्न येत नाही. सिंगापूरमध्ये हरणाची शिकार वर्षभर आणि सगळ्यांना बंद आहे. त्यामुळे तारखा नाहीत, टॅग नाहीत. मी ज्या सांबरांची मोजणी करते ती मंडाईच्या बाजूच्या जंगलात असतात. पहाटे उष्णता टिपणारा कॅमेरा ड्रोनला लावून उडवायचा, आणि नंतर पडद्यावर पांढरे ठिपके मोजायचे. त्यांच्यामागे वाघ नाही, माणूस नाही. ती घाबरतात फक्त लॉरीला, आणि तेही पुरेसं नाही. माझे आकडे रस्त्याकडेचं कुंपण कुठे घालायचं हे ठरवणाऱ्यांकडे जातात.

माझं मत विचारलेलं नाही, तरी लिहिते. तुमच्याकडे दोन माणसं आहेत आणि दोघांनाही अर्धीच माहिती आहे. दोघांनाही पूर्ण सांगावं.

पाठदुखीबद्दल मी स्वतःहून काही बोलणार नाही. मला थेट विचारलं तर खोटंही बोलणार नाही.

अनघा

•

२६ ऑक्टोबर २०२६

चि. अनघा,

तुझं पत्र म्हणजे ऑडिट रिपोर्ट. तुझी आई लहानपणी अशीच होती, मी लपवलेल्या कैऱ्या मोजून ठेवायची.

दोघांना सांगावं म्हणतेस. उल्काचं सोड, ती ओरडेल आणि गप्प होईल. पण अर्लला काय सांगू? "अर्ल, चंद्राच्या अकराव्या दिवसापर्यंत मला थांबावं लागेल, कारण मधे एक महिना जास्तीचा आला"? तो माणूस शिकागोच्या पलीकडे गेलेला नाही. मला वेडा समजेल. किंवा त्याहून वाईट, मी घाबरलो आणि सबब काढली असं समजेल. कोर्सच्या वेळी त्याने माझी बंदूक स्वतः साफ करून दिली होती.

मला एक मार्ग सुचलाय. चातुर्मासात मांस खायचं नाही, बरोबर? मी खाणार नाहीच. १४ ला जातो, अर्लच्या समोर एक हरण मारतो, मांस फ्रीझरमध्ये. एकवीसनंतर खाऊ. व्रतही राहिलं, शब्दही राहिला. नवस नेमका कोणत्या शब्दांत बोलली होती ते मला आठवत नाही. मी तेव्हा हो म्हणण्याच्या घाईत होतो. तू सहज म्हणून उल्काकडून काढून घे. सहज, बरं का.

मामा

•

सिंगापूर
रविवार, १ नोव्हेंबर २०२६

प्रिय मामा,

आज यिशुनला गेले. मला सहज विचारता येत नाही, हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं. मी सरळ विचारलं: "मामी, नवस कुठल्या शब्दांत बोलला होतात?"

मामी जाईच्या टाळूला तेल लावत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आपल्या घरी मांस शिजणार नाही, आणि आपल्या हातून जीव जाणार नाही, कार्तिकीपर्यंत. अपूर्वाचं मागच्या वेळी राहिलं नाही, म्हणून मुद्दाम दोन्ही बोलले. तुझ्या मामांनी मान डोलावली." मग म्हणाल्या, "पण तू का विचारतेस?"

मी तेलाची वाटी बाजूला सरकवली.

"त्यांनी विचारायला सांगितलं?"

मी हो म्हणाले.

मामींनी बाळ अपूर्वाकडे दिलं, हात पुसले आणि मला गॅलरीत नेलं. कपडे वाळत घालायच्या बांबूंपाशी उभ्या राहून त्यांनी हळू आवाजात जे विचारलं ते जसंच्या तसं लिहिते: "अनघा, मला खरं सांग. पाठ म्हणजे पाठच आहे ना? की छातीत काही निघालंय? नातीला बघायला न येणारा माणूस नाही तो. मी सहा आठवडे झोपलेली नाही धड. अपूर्वाला कळू नये म्हणून बोलत नाही."

मामा, तुम्ही पाठदुखी सांगितलीत. मामींनी तिचं हृदयविकारात रूपांतर केलं आहे.

मी म्हणाले, "आजार नाही. काहीही नाही. दुसरी गोष्ट आहे, ती मला माहीत आहे, आणि ती मामाच सांगतील."

"बाई आहे?"

"नाही."

"कर्ज?"

"नाही, मामी."

"मग काय असेल ते असू दे," असं म्हणून त्या तिथेच प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसल्या आणि रडल्या. फार वेळ नाही. आतून अपूर्वा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "मा! बेबी डिड पॉटी अगेन लाह!" आणि त्या उठल्या.

फ्रीझरचा मार्ग बंद आहे. "आपल्या हातून जीव जाणार नाही" यात पळवाट मला दिसत नाही.

मामींना आजच्या आज फोन करा.

अनघा

•

९ नोव्हेंबर २०२६

चि. अनघा,
दिवाळीचे अनेक आशीर्वाद.

आजच्या आज जमलं नाही. भ्यालो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी केला फोन. सगळं सांगितलं, परवाना, कोर्स, अर्ल, पाठ. उल्का सगळं ऐकून फक्त "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. चाळीस वर्षांत ती इतकं कमी कधी बोललेली नाही. तुला काही कळलं का?

पण दुसरी गोष्ट ऐक. फोन झाल्यावर, हिंमत टिकून आहे तोवर, तसाच अर्लकडे गेलो. त्याचं घर अर्धं खोक्यांत. मी उभ्या उभ्या सगळं बोललो. नवस, अपूर्वाचं पहिलं बाळ, एकादशी, अधिक महिना. मध्येच इंग्रजी संपली, तर भिंतीवरचं त्याचं कॅलेंडर काढून दाखवलं.

अर्लने कॅलेंडर माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे वीस तारखेपर्यंत तुझ्याकडे क्लोज्ड सीझन आहे."

मी म्हटलं, "हो. तसंच."

"मग एवढं घामाघूम होऊन काय सांगतोस? सीझन बंद म्हणजे बंद. माझ्या बापाने ऐन मंदीत, घरात खायला नसताना, बंद सीझनमध्ये एक हरण मारलं नाही. शेजाऱ्याने मारलं तर त्याच्याशी बोलला नाही." मग त्याने पुस्तिका काढली, चष्मा लावला, आणि पानावर बोट फिरवत म्हणाला, "एकवीस आणि बावीस आपले आहेत. दोन दिवस पुष्कळ झाले. तुझी एकादशी आमच्या शिकार खात्यापेक्षा उदार आहे, पॅडी. आमचे लोक एक तासही देत नाहीत."

त्याने माझ्यासमोर मुलीला फोन लावला. मुलगी चिडली असावी, कारण अर्लने फोन कानापासून लांब धरला. "तेवीसला ये," म्हणाला. "का म्हणजे? शेजाऱ्याचा सीझन उघडायचाय."

महिनाभर मी या माणसाला घाबरत होतो.

मामा

•

यिशुन, सिंगापूर
शनिवार, १४ नोव्हेंबर २०२६

(मामी बोलत आहेत. मी टाइप करते आहे. अनघा)

अहो,

"बरं" म्हणून फोन ठेवला, कारण समोर प्रणवच्या आई फराळाला बसल्या होत्या. त्यांच्यासमोर तुमची शोभा करायची नव्हती. आता करते.

बिझनेस क्लासच्या सीटवर तुमची पाठ दुखते, आणि रानात उलट्या बादलीवर पहाटेपासून बसलात तर दुखणार नाही? सहा आठवडे मी तुमचा ईसीजी मनातल्या मनात काढतेय. अपूर्वा म्हणाली, मा, रिलॅक्स. कशी होऊ रिलॅक्स? देवाला आणखी एक नवस बोलणार होते तुमच्यासाठी. बोलले असते तर माघापर्यंत अडकला असतात.

(इथे मामी थांबून हसल्या.)

हे लिहू नकोस. लिहिलंस? बरं, राहू दे.

बंदुकीचा मला राग नाही. वीस वर्षं त्या रानातलं मांस मी शिजवलं, कुणीतरी मारल्याशिवाय ते आलं नाही. अर्लने मारलेलं चालतं आणि नवऱ्याने मारलेलं चालत नाही, असं म्हणण्याइतकी मी बावळट नाही. मला विचारलं असतंत तर मी आषाढीलाच नवसाचे शब्द बघून बोलले असते. देव ऐकून घेतो, तुम्हीच सांगत नाही.

आता माझ्या अटी. एक, शनिवारी सूर्य उगवल्यावर पारणं केल्याशिवाय बोट चापाकडे न्यायचं नाही. दोन, नेम पक्का नसेल तर झाडायचं नाही. जखमी होऊन जनावर रानात गेलं तर मला सांगायचं नाही, पण न सांगताही मला कळेलच. तीन, अर्लला थंडी लागू देऊ नका. तुमचा तो जाड स्वेटर त्याला द्या, तुम्हाला तसाही तो होत नाही.

अर्लला माझा नमस्कार सांगा. म्हणावं, हे तुझ्याकडून शिकतायत याचं मला बरं वाटतं. इतकी वर्षं मी प्रयत्न केला, कुकरची शिटीसुद्धा मोजायला शिकले नाहीत.

उल्का

प्रिय मामा, माझ्याकडून एक तांत्रिक मुद्दा. पुस्तिकेप्रमाणे गोळी झाडण्याची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते. पारणं सूर्योदयानंतर. शनिवारचा तो अर्धा तास राज्य तुम्हाला देतं, नवस देत नाही. मामींनी पहिली अट घातली तेव्हा त्यांना हा फरक माहीत नव्हता. मी सांगितला. त्या म्हणाल्या, "मग बसू दे की अर्धा तास." अनघा

•

२३ नोव्हेंबर २०२६

सौ. उल्का आणि चि. अनघा,

अनघाने हे यिशुनला जाऊन मोठ्याने वाचावं. अपूर्वालाही ऐकू दे.

शनिवारी अंधारातच आम्ही रानात जाऊन बसलो. ओढ्याच्या वरच्या बाजूला अर्लने पाच वर्षांपूर्वी कापडाचा आडोसा केलाय, तिथे. दोघांच्या बुडाखाली दोन बादल्या, अंगात नारिंगी जाकिटं, अर्लच्या अंगात आतून माझा स्वेटर. माझ्या खिशात डबी, डबीत गूळखोबरं आणि तुळशीचं पान. अर्लला मी आधीच सांगितलं होतं की सूर्य वर येईपर्यंत माझा सीझन उघडत नाही. तो म्हणाला, "ठीक. तोवर बघत बसू."

उजाडायला लागलं. राज्याच्या हिशेबाने वेळ सुरू झाली. आणि ओढ्यापलीकडून तो आला.

उल्का, मी एवढा नर या रानात कधी पाहिलेला नाही. शिंगं अशी, की मान वळवली तर फांद्या हलाव्यात. श्वासाची वाफ दिसत होती. चालत चालत मोकळ्यावर आला आणि आडवा उभा राहिला, कोर्सच्या पुस्तकात चित्र असतं तसा. माझी बंदूक मांडीवर. माझं बोट जिथे असायला हवं तिथेच होतं, चापापासून लांब. मी अर्लकडे पाहिलं.

अर्ल त्या जनावराकडे बघत होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. त्या रानात वीस वर्षं त्याने या एकाची वाट बघितली असणार. तो हळूच म्हणाला असता, "पॅडी, मार", तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. तो म्हणाला नाही. त्याने मनगटावरचं घड्याळ बाहीखाली झाकलं, एवढंच.

नर बराच वेळ उभा होता. मग शांतपणे गेला.

सूर्य झाडांवर आला तेव्हा मी डबी उघडली. पान तोंडात टाकलं, गूळखोबरं खाल्लं, अर्धं अर्लला दिलं. तो चावत म्हणाला, "पॅडी, आयुष्यात मी मारलेल्या नरांपैकी मला तीन आठवतात. हा आठवेल." त्या दिवशी मग काही आलं नाही. दोन खारी आल्या.

रविवारी दुपारी उन्हं उतरताना चार माद्या आल्या. अर्लने कानात सांगितलं, मागची, एकटी, मोठी. थांब. थांब. आता. मी एक गोळी झाडली. ती दहा पावलं गेली आणि पडली. उल्का, एकच लागली. अर्ल आधी तिच्यापाशी गेला, गुडघ्यावर बसला, तिच्या मानेवर हात ठेवला, मग मला बोलावलं. आत साफ कसं करायचं ते त्याने बोलून दाखवलं आणि माझ्याकडून करून घेतलं. मला मध्ये एकदा बाजूला जाऊन उभं राहावं लागलं. तो म्हणाला, "पहिल्या वेळी मीही गेलो होतो. अशाच एका झाडापाशी." मग रीतसर टॅग बांधला, घरी येऊन नोंदणी केली, नंबर मिळाला.

आज सकाळी अर्लची मुलगी आली. ती रागावूनच आली होती, पण अर्लने गाडीत बसायच्या आधी तिला आडोशापाशी नेलं आणि हातवारे करून सगळं सांगितलं. मी लांबून बघत होतो. निम्मं मांस त्यांच्या गाडीतल्या बर्फाच्या पेटीत गेलं. निम्मं आपल्या फ्रीझरमध्ये. उल्का, मसाल्याची कृती मी त्याच्या मुलीला लिहून दिली, चूक असेल तर तू तिला कळव. तिचा पत्ता खाली देतो.

घर आता शांत आहे. पाठ थोडी दुखते. खरोखरची.

पद्माकर

•

सिंगापूर
गुरुवार, २६ नोव्हेंबर २०२६

प्रिय मामा,
सा. न.

तुमचं पत्र काल यिशुनला वाचून दाखवलं. नर उभा राहिला तिथे प्रणवने "शूट!" असं ओरडून जाईला उठवलं. मामींनी ते वाक्य, घड्याळ झाकल्याचं, मला दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा त्यांनी मान वळवली आणि कपडे घडी घालायला घेतले. मग म्हणाल्या, "मसाल्यात धणे तिप्पट लिहिले असणार यांनी. फोन लावून दे त्या मुलीला." लावून दिला. दोघी चाळीस मिनिटं बोलल्या. मामींचं इंग्रजी आणि तिकडच्या बाईचं हसू, एवढं मला आत ऐकू येत होतं.

माझ्याबद्दल. मी दर आठवड्याला पडद्यावर सांबर मोजते. पांढरा ठिपका म्हणजे एक. मेलेलं सांबर मी दोनदा पाहिलं आहे, दोन्ही वेळा रस्त्याच्या कडेला, आणि दोन्ही वेळा ते कुणाला हवं नव्हतं. सफाई खात्याच्या लॉरीतून गेलं. तुमचं पत्र वाचताना मला वाईट वाटेल असं गृहीत धरलं होतं. वाटलं नाही. त्या मादीच्या मानेवर कुणीतरी हात ठेवला, हे मला बरोबर वाटलं. माझ्या चिनी सहकारी बाईंना मी हे जेवताना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझे अंकल चांगले आहेत लाह. पण तू इथे बसून काय करतेस?"

त्यांना उत्तर दिलं नाही. तुम्हाला देते.

मामी १२ डिसेंबरला परत येतात. माझी रजा १९ पासून आहे. फ्रीझरमधला वाटा मामींनी शिजवल्यावर मला खायला आवडेल. इथे तो आणता येणार नाही, असं मांस बाहेरून आणायला परवानगी नाही. म्हणून मी येते, तुम्हाला चालणार असेल तर.

कॅलेंडर पाहिलं. २० ला एकादशी. २१ ला सोमवार. २२ ला मी पोचेन. २३ ला दत्तजयंती, २४ ला मार्गशीर्षातला गुरुवार. तेव्हा शुक्रवार, २५ डिसेंबर. २६ ला पुन्हा संकष्टी आहे. अर्ल आणि त्यांच्या मुलीला त्या दिवशी गाडीने येणं जमेल का, ते तुम्ही विचारा. मी विचारणं बरं दिसणार नाही, आमची ओळख नाही.

घरी काय लागतं ते लिहा, इथून आणेन.

तिकीट गुरुवारी काढायचं आहे. बुधवार, २ डिसेंबरपर्यंत कळवा.

अनघा